पालीवरून गेलेली रेषा

गोव्यातली दाबोळी आणि गुजरातच्या वेशीवरचं दमण या दोन विमानतळांवर पट्टी ठेवून नकाशावर एक सरळ रेघ मारून पाहा. मांडवी-झुआरीची मुखं सोडली तर ही रेघ समुद्राला जवळजवळ शिवतच नाही. कुडाळ, माणगाव, पाली, पनवेल असं करत ती बराच काळ मुंबई-गोवा महामार्गाच्या आसपासच वर चढते, कल्याणच्या अंगाने पालघर जिल्ह्यात शिरते आणि दमणला पोचते. लांबी सुमारे ५७० किलोमीटर. रायगड जिल्ह्यात ती बल्लाळेश्वराच्या पालीला अगदी खेटून जाते. उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळापासूनही ती सहाएक किलोमीटरच लांब आहे.

ही रेघ मी उगाच मारलेली नाही. १९५५ ते १९६१ या काळात तिच्या दोन्ही टोकांमध्ये विमानं खरोखर ये-जा करत होती. दोन्ही टोकं एका देशाची होती आणि मधलं सगळं दुसऱ्या देशाचं. गोवा, दमण आणि दीव पोर्तुगालच्या ताब्यात होते. १५ ऑगस्ट १९५५च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर भारताने गोव्याच्या सीमा बंद केल्या, मुरगावला जाणारी रेल्वे थांबली, मालाची वाहतूक आटली. पोर्तुगीजांनी दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभारला आणि त्याच सुमारास ‘टी.ए.आय.पी.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी पोर्तुगीज हिंदुस्थानची विमान कंपनी सुरू केली. तिची विमानं दाबोळीहून दमण, दीव आणि कराचीला जात. शेजारचा देश अडून बसला, म्हणून हवेतून काढलेली ही वाट होती.

पण हवेतही सरळ रेघ मिळणार नव्हती, कारण ती माणगाव-पालीवरून, म्हणजे भारताच्या डोक्यावरून जात होती. त्या विमानांची वाट समुद्रावरून. दाबोळीहून उडायचं, किनारा उजव्या हाताला दूर ठेवत रत्नागिरी, हर्णे, मुरूड, अलिबाग मागे टाकायचं आणि दमणपाशी पुन्हा जमिनीकडे वळायचं. दाबोळी, दमण आणि दीव या तिन्ही धावपट्ट्या समुद्रालगत होत्या, म्हणून हे जमलं.

आता या वळशाची किंमत काढू. मुरूडच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटर समुद्रात एक बिंदू धरला, दाबोळी ते तो बिंदू आणि तिथून दमण अशी दोन अंतरं मोजली, तर बेरीज येते ५९५ किलोमीटर. सरळ रेघेपेक्षा जेमतेम २५ किलोमीटर जास्त. कंपनीच्या ताफ्यात चार इंजिनांची छोटी ‘हेरॉन’ विमानं होती. त्यांचा वेग ताशी २९० किलोमीटरच्या आसपास धरला, तर एका अख्ख्या देशाला वळसा घालायला पाच मिनिटं जादा लागत.

जमिनीवर त्याच वळशाची किंमत वेगळी होती. दमणच्या आतल्या बाजूला, तीसेक किलोमीटरवर, दादरा आणि नगरहवेली हे पोर्तुगीजांचेच दोन तुकडे होते, चारी बाजूंनी भारताने वेढलेले. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. त्या मोहिमेत संगीतकार सुधीर फडके होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. दमणहून तिकडे सैन्य न्यायला भारताने वाट दिली नाही, तेव्हा पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता, सशस्त्र दलांना नव्हता. आणि भारताने वाट अडवली त्यात काही गैर केलं नाही. म्हणजे विमानाला ५७० किलोमीटरच्या वाटेवर पाच मिनिटांचा खोळंबा होता, आणि गाडीरस्त्याच्या तीस किलोमीटरला चार वर्षांहून अधिक काळ खटला चालवूनही वाट मिळाली नाही.

दोन ठिकाणांमधला वेळ अंतरावरून ठरतो, असं आपण शाळेपासून धरून चालतो. अंतर भागिले वेग, झालं उत्तर. पण हे गणित अर्धंच असतं. वाटेत कशाला वळसा घालावा लागतो आणि दोन टोकांना किती थांबावं लागतं, यावर खरा वेळ ठरतो. हे समजून घ्यायला रायगडच्या किनाऱ्याइतकी चांगली जागा नाही.

आधी अंतर मोजायची एक सोपी रीत. खलाशी आणि वैमानिक सागरी मैल वापरतात. पृथ्वीच्या अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक कला, आणि तेवढं अंतर म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. गेटवे ऑफ इंडिया साधारण १८ अंश ५५ कलांवर आहे आणि अलिबाग १८ अंश ३८ कलांवर. फरक १७. म्हणजे अलिबाग गेटवेपासून दक्षिणेला १७ सागरी मैल, सुमारे ३२ किलोमीटर. अलिबाग थोडं पूर्वेला सरकलेलं आहे, पण त्याने उत्तर फारसं बदलत नाही. कागद-पेन्सिलही लागली नाही. दक्षिण मुंबईहून वाशी, पनवेल, पेण, वडखळ असं गाडीने गेलं, की हेच अलिबाग शंभरेक किलोमीटरवर जातं. तिपटीचा वळसा. दोष धरमतरच्या खाडीचा आणि तिच्या वर पसरलेल्या मुंबई बंदराच्या पाण्याचा.

या किनाऱ्यावर खाड्यांचं राज्य आहे. उत्तरेकडून धरमतर, मग रेवदंड्याची कुंडलिका, मग राजपुरी, आणि शेवटी सावित्रीची बाणकोट खाडी. पूर्वी तर या खाड्या राज्यांच्या हद्दीच होत्या. सिद्दीच्या जंजिरा संस्थानची उत्तर सीमा कुंडलिका आणि दक्षिण सीमा बाणकोटची खाडी. गंमत अशी, की याच संस्थानचा एक तुकडा शेकडो किलोमीटर दूर सौराष्ट्रात होता, जाफराबाद. मुरूडच्या नवाबाचा अंमल समुद्रापलीकडच्या गावावर चालत होता, पण रेवदंड्याची खाडी उतरून दोन पावलं पुढे टाकली की तो संपत होता. वर अलिबागचा किनारा आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात, १८४० साली इंग्रजांनी ते खालसा करेपर्यंत. चौल १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे. आणि धरमतरच्या पलीकडचं करंजा, म्हणजे उरणचा भाग, १७८२च्या सालबाईच्या तहानंतर पक्कं इंग्रजांचं झालं. मुंबईहून गलबत निघालं की तासा-दोन तासांत परक्या राज्याच्या पाण्यात. कान्होजी आंग्रे आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना दस्तक घ्यायला लावत, तसंच पोर्तुगीज आपला परवाना घ्यायला लावत. दस्तक नसेल तर मुंबई ते मांडवा हा १४ किलोमीटरचा प्रवास महिनाभर अडकू शकत होता, माल गेला तो वेगळाच.

हद्दी गेल्या, खाड्या राहिल्या. करंजा आणि रेवस या दोन धक्क्यांमधलं पाणी तीनेक किलोमीटर आहे. लाँचने पंधरा-वीस मिनिटं. तीच वाट गाडीने जायची, तर उरणहून पेणकडे वळून खाडीचं टोक गाठायचं आणि वडखळ-पोयनाडकडून पुन्हा वर यायचं, साठ-सत्तर किलोमीटर. भूगोलाचे अभ्यासक प्रत्यक्ष वाटेला सरळ रेघेने भागून वळशाचा गुणक काढतात. देशावरच्या सपाट मुलखात तो साधारण सव्वा ते दीडच्या आसपास असतो. रेवस-करंजाला तो वीसच्या घरात जातो. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८०च्या सुमारापासून, या खाडीवरच्या पुलाची चर्चा आहे. रेवस ते रेड्डी असा किनाऱ्याने जाणारा रस्ता हे त्यांचं स्वप्न. पूल व्हायला इतकी वर्षं का लागतात, याचं कारण अभियांत्रिकीत कमी आणि मंत्रालयात जास्त, असं माझं मत आहे.

पूल नसलेल्या खाड्यांवर दोन तऱ्हा असतात. एक तर लाँच किंवा होडी. दुसरी, गाडीसकट पलीकडे नेणारी फेरी, जिला इकडे लोक ‘जंगल जेटी’ म्हणतात. आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेश्वी या दोन फेऱ्यांनी श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडचा सगळा हिशेब बदलून टाकला. दापोलीहून २००३ साली दाभोळ-धोपावेला अशी फेरी सुरू झाली, त्याचंच हे पुढचं रूप. बागमांडल्याला गाडी चढवली की दहा-पंधरा मिनिटांत रायगडातून रत्नागिरी जिल्ह्यात. पण फेरीच्या वेळेत ‘किती मिनिटांचा प्रवास’ याला फारसा अर्थ नसतो. शनिवारी दुपारी गाड्यांची रांग गावात शिरली असेल, तर दोन फेऱ्या सोडून तिसरीत नंबर लागतो. पाण्यावर दहा मिनिटं, धक्क्यावर दीड तास.

आणि पाणी स्वतःची वेळ पाळतं. भरती-ओहोटीचं चक्र रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईजवळ पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. अष्टमीच्या भांगाला हा चढ-उतार बराच कमी असतो. रेवससारख्या गाळाने भरत चाललेल्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी लाँच लावणं कठीण. म्हणून कोळ्याला तिथी विचारल्याशिवाय या किनाऱ्यावर वेळेचं उत्तर देता येत नाही. मुंबईच्या माणसाला हे पटायला अवघड जातं, कारण त्याचं वेळापत्रक रेल्वेने घडवलेलं असतं.

मांडव्याची गोष्ट घ्या. गेटवे ते मांडवा सरळ रेघेत १४ किलोमीटरच्या आसपास. कॅटामरान पाऊण ते एक तास घेते, पुढे अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात. हे झालं आठ-नऊ महिन्यांचं उत्तर. पावसाळ्यात गेटवेची ही वाहतूक बंद असते आणि त्या काळात मुंबईहून मांडवा पुन्हा रस्त्याने शंभर किलोमीटरवर जाऊन बसायचं. मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली. ती मोठी आहे, गाड्या नेते, आणि मांडव्याला लाटा अडवणारा बांध असल्यामुळे पावसातही हवामान पाहून चालते. त्यामुळे अलिबागकराला वर्षाच्या बाराही महिन्यांत बहुतेक वेळा एकच उत्तर देता येऊ लागलं.

पावसाळ्यातल्या समुद्राचा धाक इथे गोष्टीतला नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गटारी अमावास्येचा दिवस, बोट गावाकडे निघालेल्या लोकांनी भरलेली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. रेवस, मांडवा, अलिबागच्या अनेक गावांत आजही त्या दिवसाचा उल्लेख झाला की बोलणं थांबतं. तास-दीड तासाच्या वाटेवर घडलेली ही घटना आहे.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि वळशाचा एक मोठा तुकडा कापला गेला. शिवडी ते चिर्ले, २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा पाण्यावर. मोटारीला ताशी १०० किलोमीटरची परवानगी. वीस मिनिटांत माणूस रायगड जिल्ह्यात. त्यानंतर अलिबागच्या प्लॉटच्या जाहिरातींत ‘मुंबईपासून वीस मिनिटांवर’ असली वाक्यं येऊ लागली. वीस मिनिटं चिर्लेपर्यंतची. पुढे पेण आहे, वडखळचा नाका आहे, पोयनाडचा बाजार आहे. जाहिरातवाला शेवटचं टोक सोयीने विसरतो. टोकं विसरली की प्रत्येक प्रवास सुरेख वाटतो.

विमानाच्या प्रवासात हीच टोकं सगळ्यात जड असतात. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. उलव्याची टेकडी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि रायगड जिल्ह्याला पहिला मोठा विमानतळ मिळाला. तिथून गोव्याच्या मोपा विमानतळापर्यंत सरळ रेघेत ३७० किलोमीटर होतात. जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर अठ्ठावीस मिनिटांत संपायला हवं. एवढ्या अंतराच्या उड्डाणाला वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास दिलेला असतो.

यात फसवणूक नाही. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा सरकत येणं, यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. दहा हजार फुटांच्या खाली वेगाला २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. वर चढायला दीडएकशे किलोमीटर लागतात आणि उतरायला सुरुवात दोनशे किलोमीटर आधी होते. ३७० किलोमीटरमध्ये विमान जेमतेम पूर्ण उंची गाठतं, तोवर उतरायची वेळ. अंतर जितकं कमी, तितका हा चढ-उताराचा आणि जमिनीवरचा वाटा मोठा. म्हणून जवळच्या दोन विमानतळांमधला सरासरी वेग लांबच्या प्रवासाच्या निम्म्यावरही येतो.

अलिबागकराने हा हिशेब घरापासून मांडावा. अलिबाग ते हा विमानतळ सरळ रेघेत ४५ किलोमीटर, रस्त्याने सत्तरेक, दोन तास धरावेत. विमान सुटायच्या दोन तास आधी पोचायचं. सव्वा तास विमानात. मोप्याहून पणजी पस्तीसेक किलोमीटर, आणखी पाऊण-एक तास. बेरीज सहा तासांवर जाते, त्यात हवेतली मिनिटं पन्नासच्या आसपास. रोहा किंवा माणगावला कोकण रेल्वे पकडणाराही संध्याकाळपर्यंत गोव्यात असतो, आणि वाटेत वडा खातो. मुंबईचा जुना विमानतळ आणि हा नवा, यांच्यात तर हवाई अंतर केवळ २४ किलोमीटर. पण एकात उतरून दुसऱ्यातून पुढचं विमान पकडायचं असेल, तर शहाण्या माणसाने मध्ये पाच-सहा तास ठेवावेत.

इथे अलिबागचा एक जुना मान सांगायला हवा. धावपट्टीवर रंगवलेला मोठा आकडा म्हणजे तिची होकायंत्राने मोजलेली दिशा, शेवटचं शून्य सोडून. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९ आणि २७, नवी मुंबईची ०८ आणि २६. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नेमकी पाहत नाही आणि तिचा कल वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो. हे सरकणं भारतात सर्वांत दीर्घकाळ नोंदलं गेलं ते मुंबईतलं कुलाबा आणि अलिबाग इथे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याची वेधशाळा १९०४ साली अलिबागला आणली. इमारतीत लोखंड नको, म्हणून पोरबंदरचा दगड वापरला. समुद्रकिनाऱ्यावर फिरायला येणारे बहुतेक जण तिच्या फाटकावरून पुढे जातात, त्यांना पत्ताही नसतो.

आता खऱ्या अर्थाने शेजारच्या देशाचं गणित करू. मुंबई ते कराची हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. मुंबई-दिल्लीपेक्षा कमी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं ‘पुस मॉथ’ विमान घेऊन टपालाच्या थैल्यांसह कराचीहून सकाळी निघाले, अहमदाबादला इंधन भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. वाटेतल्या थांब्यासकट सातएक तास. तेव्हा दोन्ही शहरं एकाच देशात आणि एकाच मुंबई इलाख्यात होती, कारण सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली. फाळणीनंतरही बरीच वर्षं या दोन शहरांत थेट विमानं चालली आणि जेटला दीडएक तास पुरत असे.

थेट सेवा पुढे बंद पडली. एप्रिल २०२५मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. आता व्हिसा मिळाला असं धरलं, तर बहुधा दुबईमार्गे जावं लागतं. मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटर, दुबई ते कराची आणखी ११९०. एकूण ३,१२० किलोमीटर, म्हणजे वळशाचा गुणक साडेतीन. हवेतले पाच तास, दुबईतला खोळंबा तीन-चार तासांचा, दोन्ही टोकांची तपासणी वेगळी. विमानं शंभर टक्के चांगली झाली, वेग चौपट झाला, आणि टाटांना १९३२ साली लागला त्याहून जास्त वेळ लागतो.